स्वतः कसणारे

आदल्या दिवशी बाबा आणि मी उतारावरच्या नळ्या साफ करत होतो. मी शहरातून चार दिवसांची रजा काढून आले होते. बटाटे निघायला अजून महिना होता, पाऊस सकाळपासून झिमझिम धरून होता, आणि बाबांचं म्हणणं असं, की नळ्या आत्ता मोकळ्या केल्या नाहीत तर काढायच्या आधीच बटाट्यांचा लगदा होईल.

उतार म्हणजे आमच्या घरामागची, ओढ्याकडे उतरत जाणारी जमीन. आमची नव्हे, डॉक्टरांची. बावीस वर्षं आम्ही ती खंडानं करत होतो. मुळात ती दलदल. फार पूर्वी कुणीतरी तिथं कंबरभर खोल चर खणून भाजक्या मातीच्या नळ्या टोकाला टोक लावून पुरल्या होत्या. अशा सहा ओळी. वरून काही दिसत नाही. खाली ओढ्याच्या काठाला त्यांची तोंडं तेवढी दिसतात, मूठ जाईल एवढी. बाबांनी त्यांना नावं दिली होती. थोरली, धाकटी, म्हातारी, मुकी, गुचक्या देत पाणी टाकणारी तोतरी, आणि काटेरी झुडपात लपलेली चोरटी.

साफ करायला वेताच्या लांब काठ्या होत्या, टोकांना पितळी आटे असलेल्या. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी जोडत आत सरकवत न्यायच्या आणि फिरवायच्या.

"उलटं फिरवू नकोस," बाबा म्हणाले. "आटे सुटले तर काठी आत राहील, आणि आपण दोघं बाहेर एकमेकांची तोंडं बघत बसू."

"किती वेळा सांगाल?"

"तू पुस्तकं वाचणारी. तुला एकदा सांगून भागत नाही."

वर कुठं तुंबलंय हे बघायला ते पहार घेऊन चढावर गेले. पहार जमिनीत रोवली, तिच्या वरच्या टोकाला कान लावला आणि डोळे मिटले. मग मला हात केला. मी गेले, मीही कान लावला. लोखंड बर्फासारखं होतं.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"मग तुंबलीय. बरोबर ऐकलंस."

आम्ही तिथं खणलं. हातभर लांब मुळांची शेपटी निघाली, ओल्या केसांच्या वेणीसारखी. ती ओढून काढल्यावर खाली तोतरी एकदम सुटली आणि ओढ्यात गढूळ पाणी पडायला लागलं. बाबा फावड्यावर रेलून बघत राहिले. त्यांची बोटं थंडीनं सुजून वांग्यासारखी झाली होती. "पाणी आणि पाहुणा," ते म्हणाले, "वाट दाखवली की आपापले जातात."

तोतरी पाचवी. चोरटी राहिली होती, पण उजेड कमी होत चालला होता.

"उद्या," बाबा म्हणाले. "आणि तो कागद लिहून ठेव. डॉक्टर रविवारी येणारेत."

कागदाचं असं होतं. मी चौदा वर्षांची असताना उताराच्या जमिनींना सरकारी अनुदान सुरू झालं. ते जमीन कसणाऱ्याला मिळणार होतं. डॉक्टरांचा शहरात दातांचा दवाखाना. उतार त्यांना वडिलांकडून आलेला. ते आमच्याकडे आले, स्वयंपाकघरात बसले आणि म्हणाले, "काका, एक छोटीशी मदत हवी होती." मदत म्हणजे बाबांनी सहीनिशी लिहून द्यायचं, की मी या जमिनीवर रोजंदारीनं कामाला आहे, जमीन मालक स्वतः कसतात, पिकाशी माझा संबंध नाही. न लिहिलं तर काय, हे डॉक्टर बोलले नाहीत. त्यांचा आवाज फार मऊ. दात काढतानाही ते असंच बोलतात म्हणे.

बाबांचं अक्षर वाकडंतिकडं. म्हणून कागद मी लिहिला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून वाचला. "मोत्यासारखं अक्षर आहे हो पोरीचं!" आणि पुढच्या खेपेला माझ्यासाठी एक पुस्तक आणलं. जाड, कापडी बांधणीचं. आमच्या घरात आलेलं ते पहिलं पुस्तक. त्यानंतर दरवर्षी एक कागद आणि एक पुस्तक. बाबांसाठी, दुखत असेल तर, एक दात फुकट.

"जमीन त्यांची, अनुदान त्यांचं," बाबा म्हणायचे. "दात तेवढा माझा होता, तोही नेला."

सगळे हसायचे. मीही हसायचे. शेती कार्यालयाच्या व्हरांड्यात दरवर्षी अनुदान मिळालेल्यांची यादी लागते. त्यात डॉक्टरांच्या नावासमोर छापलेलं असायचं: स्वतः कसणारे. बियाणं आणायला गेलं की बाबा ती यादी उभं राहून वाचायचे. शेवटपर्यंत, सगळी नावं. मी विचारलं नाही की तुम्ही काय शोधता. शहरात माझं काम छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं आहे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका काढते. आणि वर्षातून एकदा घरी येऊन, मोत्यासारख्या अक्षरात, तो कागद लिहायचे. सतरा लिहिले.

त्या संध्याकाळी बाबांनी गमबूट काढले तेव्हा पाय पांढरे पडून सुरकुतले होते. आईनं पाण्याची बादली पुढं सरकवली आणि म्हणाली, "वय झालं आता. माणूस लावा हाताखाली."

"लावलाय की. शहरातला. चार दिवसांची रजा घेऊन आलाय."

मी कागद लिहिला नाही. उद्या लिहू म्हटलं.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा गेले होते. आई म्हणाली, जा, चहा गार होतोय, बोलावून आण. मी उतार उतरून ओढ्यापाशी गेले. झुडपं तोडून एका बाजूला टाकली होती, काठ्या जोडून ठेवल्या होत्या. बाबा चोरटीच्या वरच्या अंगाला जमिनीवर पडून होते, कान मातीला लावून.

मला वाटलं, ऐकतायत.

मी हाक मारली नाही. त्यांच्या कामात अडथळा नको म्हणून पावलंसुद्धा वाजवली नाहीत. पाऊस थांबला होता. दोन मिनिटं, कदाचित जास्त, मी तशीच उभी होते.

*

डॉक्टर आठव्या दिवशी आले. दारात बूट काढू लागले तर आई म्हणाली, राहू दे, फरशी ओलीच आहे. ते बाबांच्या खुर्चीवर बसले. त्यांना ते माहीत नव्हतं. दुसरी रिकामी खुर्ची नव्हती, एवढंच.

"काकू, काय बोलायचं. देवमाणूस होते."

आईनं सुईत दोरा ओवला. ती बटाट्याच्या पोत्याला ठिगळ लावत होती.

डॉक्टरांनी पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. मग एक छापील कागद. "आत्ता हे काढणं बरं दिसत नाही, मला कळतं. पण सरकारी मुदत कुणासाठी थांबत नाही. यंदा नवीन काढलंय, जागेवर येऊन तपासणी. नळ्या मोकळ्या आहेत का, तोंडं कुठं आहेत, सगळं दाखवायचं. आणि काकांच्या जागी काकूंच्या नावानं तो कागद लागेल. नेहमीचाच."

"म्हणजे काय लिहायचं?" मी विचारलं. सतरा वेळा लिहिलं होतं, तरी विचारलं.

"हेच, की काकू रोजंदारीनं आहेत." त्यांनी माझ्याकडे हसून बघितलं. "तुला काय सांगायचं. तुला पाठ असेल."

"आणि बटाटे?" आई म्हणाली. मान वर न करता.

"बटाटे तुमचेच की. मी कधी मागितलाय एक तरी? तुम्ही आपल्या आहात म्हणून तर पुढंही जमीन तुमच्याकडेच राहावी असं मला वाटतं. नाहीतर खालच्या गावचे लोक दुप्पट खंड द्यायला तयार आहेत."

ते गेल्यावर आईनं दातानं दोरा तोडला. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला आला होता," ती म्हणाली. "वर म्हणतो, मी कधी मागितलंय."

मी कोरा कागद समोर घेऊन बसले. लिहायचं काही अवघड नव्हतं. नाव बदलायचं, क्रियापद बदलायचं. करतो-चं करते. मी पेनचं टोपण काढलं आणि बसून राहिले.

"लिही की," आई म्हणाली. "तुझ्या अक्षरात तुझे बाबा मजूर झाले. आता मला कर."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. पोतं घडी करून ठेवता ठेवता म्हटलं. मी टोपण परत लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फावडं घेऊन उतारावर गेली आणि बटाटे काढायला लागली. बावीस दिवस आधी.

मी मागं गेले. "अगं, साल धरलेली नाही अजून."

"नसू दे."

तिनं एक उचलला आणि अंगठ्यानं घासला. पातळ साल पापुद्र्यासारखी सुटून आली. "लवकर खपवावे लागतील, एवढंच. पण पोत्यात आले की ते कुणाच्या जमिनीत नाहीत."

मी छापखान्यात फोन करून रजा वाढवली. रोज उजाडलं की आम्ही दोघी वाफ्यांवर असायचो. आई पुढं फावड्यानं उलथायची, मी मागून गुडघ्यांवर बसून वेचायचे. चिखल नखांत जाऊन बोटांची टोकं फुटली. तिसऱ्या दिवशी मला पाठ सरळ करता येईना. मी वाकूनच घरी आले. आई म्हणाली, "आता दिसतेस बापाची."

शेजारचे काका कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांना सगळे वायरलेस म्हणतात, कारण त्यांच्या कानावर गेलेलं सायकलच्या आधी बाजारात पोचतं.

"वहिनी, एवढी घाई कसली? कच्चेच काढताय!"

"हौस आली."

"डॉक्टर बाजारात भेटले होते. म्हणत होते, कागद अजून आला नाही." ते माझ्याकडे वळले. "देऊन टाक गं पोरी. एक सही ती. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"पाण्यात आम्ही," आई म्हणाली, फावडं न थांबवता, "मासेही आम्हीच. ते काठावर गळ टाकून बसलेत."

काका हसले. मग टोपी काढून परत घातली. "तुमचं खरंय, वहिनी. पण खऱ्याचं अनुदान निघालेलं नाही अजून."

तपासणीच्या दिवशी निम्मा उतार उकरून झाला होता. निम्म्यावर वाफे तसेच होते. डॉक्टर नवे गमबूट घालून आले, एकाच्या तळव्याला किमतीची चिठ्ठी तशीच होती. तपासनीस बाई त्यांच्या मागून आल्या. चाळिशीच्या, रेनकोट घातलेल्या, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत पाटीएवढा टॅबलेट अडकवलेला. त्यांनी नमस्कार केला, पण हसल्या नाहीत. मला ते बरं वाटलं.

"कागद?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"घरात आहे," मी म्हणाले. कोरा होता.

तपासनीस बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "किती ओळी आहेत?"

"नळ्यांच्या? पाच... सहा असतील."

"पाच की सहा?"

"ही दाखवेल ना," डॉक्टर म्हणाले. "हिला सगळं माहीत आहे."

"जमीन तुम्ही कसता ना? स्वतः?"

"देखरेख माझी असते हो. दवाखान्यामुळं रोज नाही जमत."

बाईंनी काहीतरी टिपलं. मी पुढं निघाले. थोरली दाखवली, धाकटी दाखवली. बाई वाकून तोंडात हात घालायच्या, फोटो काढायच्या आणि डॉक्टरांनाच विचारायच्या. खोली किती? नळी मातीची की प्लास्टिकची? शेवटची साफ कधी केली? डॉक्टर दरवेळी माझ्याकडे बघायचे, मी उत्तर द्यायचे, आणि डॉक्टर मान डोलवायचे, जणू पोर परीक्षेत बरोबर बोलतेय. म्हातारीपाशी त्यांचा पाय घसरला आणि ते गुडघ्यापर्यंत ओढ्यात गेले. मी हात दिला. त्यांचा हात मऊ होता, कोमट. बाबांच्या तोंडात हा हात गेला होता, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

वर आईचं फावडं चालू होतं. खच्, आणि माती उलथल्याचा आवाज. ती एकदाही खाली आली नाही.

पाच झाल्या.

"सहावी?" बाईंनी विचारलं.

मी थांबले. बाबांना नेल्यापासून मी त्या बाजूला गेले नव्हते. झुडपं तशीच एका बाजूला पडली होती, आता वाळून तांबडी झालेली. मी चालत गेले. चोरटीतून पाणी येत होतं. धार जाड नव्हे, पण सलग, स्वच्छ. म्हणजे त्यांनी ती मोकळी केली होती. मला हे माहीत नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं, काम अर्धं राहिलं.

बाई वाकल्या. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं. "ही तर सगळ्यात चांगली ठेवलीय. तासल्यासारखी. कुणी केली?"

"हिचे वडील," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे कामाला होते. गेल्या महिन्यात वारले, बिचारे."

ते खोटं वाटावं असं बोललेच नाहीत. त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती. मला वाटतं, सतरा कागद वाचून त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. अक्षर चांगलं असलं की असं होतं.

बाईंनी टॅबलेटवर बोट फिरवलं. "म्हणजे मजूर म्हणून नोंद. त्यांच्यामागं पत्नी. दरवर्षीचे कागद दिसतायत इथं." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. माझंच अक्षर. एकाखाली एक, सतरा वेळा. "हे बरोबर आहे ना? तुम्ही साक्षीदार म्हणून इथं बोट लावा. झालंच मग."

मी बोट पुसलं. चिखल होता. पण लावलं नाही.

"बरोबर नाही," मी म्हणाले.

"काय?" ओढ्याचा आवाज होता. त्यांना ऐकू गेलं नसावं.

डॉक्टरांना गेलं होतं. ते माझ्या जवळ आले. "हे बघ," ते त्याच मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्या मनाची अवस्था मला कळते. पण भावनेच्या भरात काही बोलू नकोस. निम्मे बटाटे अजून जमिनीत आहेत. काकूंना या वयात कुठं नेणार आहेस, तुझ्या त्या एका खोलीत? आणि तुला मी काय कमी केलं? पहिलं पुस्तक तुला कुणी दिलं?"

"तुम्ही," मी म्हणाले.

ते खरं होतं, आणि ते मी नाकारणार नव्हते. त्यांनी दिलेली सगळी पुस्तकं मी वाचली होती. त्यातल्या एकातही नव्हतं, की मोबदल्यात बाप लिहून द्यावा.

तपासनीस बाई दोघांकडे बघत होत्या. त्यांनी टॅबलेट पिशवीतून बाहेर काढला. "विचार करून बोला, ताई. तुम्ही सांगाल ते मला लिहावं लागेल, मग मागं घेता येत नाही. अनुदान थांबेल, चौकशी लागेल. जमीन कुणाकडे राहील ते माझ्या हातात नाही. आणि खोटा कागद असेल, तर लिहिणाऱ्यालाही विचारतात."

"लिहिणारी मी आहे."

"काय म्हणालात?"

वरचं फावडं थांबलं होतं. मी मागं वळून बघितलं नाही. आयुष्यभर मी हळू बोलत आले; घरात मोठ्यानं बोलायची गरज पडली नाही, आणि बाहेर माझ्यासाठी अक्षर बोलायचं. मी श्वास घेतला आणि आईला चढावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले:

"ते सतरा कागद मी लिहिलेत. सतराही खोटे आहेत. लिहिताना दरवेळी मला माहीत होतं, आणि मी बाबांना एकदाही म्हणाले नाही, की मी हे लिहिणार नाही. आता लिहा. ही जमीन माझे बाबा कसत होते. बावीस वर्षं. ते कुणाकडे कामाला नव्हते. माझे बाबा शेतकरी होते."